कोयता निघायच्या आधी आराखडा



या अंकातला पाठ गावाच्या विकास आराखड्याचा आहे. आराखडा म्हटलं की बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "ते ग्रामपंचायतीचं काम, सरपंच बघतील." म्हणून पाठाला सुरुवात करण्याआधी मी माझी स्वतःची एक चूक सांगते.

मी या कामाला लागले त्याचं पहिलंच वर्ष होतं. समाजकार्याचं शिक्षण नुकतंच झालेलं, वही-पेन घेऊन गावोगाव फिरायचा उत्साह भारी. डिसेंबर महिन्यात आपल्या लिंबागणेश पट्ट्यातल्या एका गावात गटांच्या मागण्यांचे फॉर्म भरत होते. शेवटच्या वस्तीवर गेले तर निम्म्याहून जास्त दारांना कुलपं. उंबऱ्यावर म्हाताऱ्या बसलेल्या, आजूबाजूला लहान लेकरं. मी फॉर्मवर "घर बंद" असं लिहिलं आणि पुढं निघाले. सगळे फॉर्म वेळेत जमा झाले म्हणून मला शाबासकीही मिळाली.

एप्रिल संपता संपता कारखाने बंद झाले, टोळ्या परत आल्या. त्याच वस्तीवर टँकरच्या रांगेत एक ताई हंडा घेऊन उभी होती. मला बघून म्हणाली, "मॅडम, गावाचा आराखडा झाला म्हणे. आमचं काय लिहिलं त्यात?"

मी गप्प. तीच पुढं म्हणाली, "आम्ही गावात नव्हतो, पण यादीत तर होतो ना?"

हा पाठ त्या ताईच्या प्रश्नाचं उत्तर आहे. उशिरा का होईना.

आराखडा कसला आणि कुणाचा?

1992 साली आपल्या राज्यघटनेत 73 वी दुरुस्ती झाली आणि 24 एप्रिल 1993 पासून ती लागू झाली. गावाच्या आर्थिक विकासाचं आणि सामाजिक न्यायाचं नियोजन गावाच्या पातळीवर व्हावं, ही तरतूद त्या दुरुस्तीनं केली. आपल्या राज्यात 2015 पासून "आमचं गाव, आमचा विकास" या नावानं ग्रामपंचायतीचे आराखडे तयार होतात. 2018 पासून देशभर "सबकी योजना, सबका विकास" ही मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होऊ लागली. या मोहिमेत पुढच्या एप्रिलपासूनच्या वर्षाचा आराखडा ठरतो. गावात कोणतं काम होणार, त्यावर किती खर्च होणार, ते कुठल्या वस्तीवर होणार, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

या आराखड्यात आपल्या गटांची स्वतःची जागा आहे. गट आपल्या सभासदांच्या मागण्या लिहितात, ग्रामसंघ त्या एकत्र करतो आणि ग्रामसभेसमोर ठेवतो. याला आपण बैठकीत "व्हीपीआरपी" म्हणतो. त्याचे साधारण चार भाग आहेत. एक, हक्काच्या योजना: रेशन, घरकुल, निराधार पगार, जॉबकार्ड. दोन, उपजीविका: शेळीपालन, शिवणकाम, शेतीची साधनं. तीन, सगळ्यांच्या सोयी आणि गावची साधनसंपत्ती: पाणी, रस्ता, अंगणवाडी, दिवे, बंधारे. चार, सामाजिक विकास: बालविवाह, दारू, मुलींचं शिक्षण.

हे केरळात फार आधी सुरू झालं. तिथं 1996 मध्ये लोकनियोजन मोहीम झाली आणि राज्याच्या योजनेतला 35 ते 40 टक्के पैसा स्थानिक संस्थांच्या हाती द्यायचं ठरलं. 1998 मध्ये कुटुंबश्री सुरू झालं. त्यात बायांचे शेजारगट आधी आपापल्या घरांच्या गरजा लिहितात, मग वॉर्डाची यादी होते, मग पंचायतीची. आपला व्हीपीआरपीचा रस्ता याच पद्धतीचा आहे: गट, ग्रामसंघ, ग्रामसभा.

अडचण कुठं होते? तारखांत.

मैत्रिणींनो, आता आपल्या बीड जिल्ह्याचं वर्ष डोळ्यासमोर आणा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाच्या गाड्या येतात. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो आणि मार्च-एप्रिलला परत येतो.

सरकारचं नियोजनाचं वर्ष मात्र 2 ऑक्टोबरला सुरू होतं आणि आराखडा ऐन हिवाळ्यात तयार होतो. म्हणजे गावाचं भविष्य ठरवायची बैठक नेमकी तेव्हा, जेव्हा गावातल्या सगळ्यात कष्टकरी बाया उसाच्या फडात असतात.

यात आणखी एक मेख आहे, ती मला त्या टँकरच्या रांगेत कळली. डिसेंबरमध्ये गावात माणसं कमी असतात आणि विहिरीत पाणी असतं. मे महिन्यात माणसं परत आलेली असतात आणि विहीर कोरडी असते. डिसेंबरमध्ये बसून पाण्याचा हिशेब केला तर माणसं कमी मोजली जातात आणि पाणी जास्त. असा आराखडा कागदावर बरोबर दिसतो आणि उन्हाळ्यात चुकतो. त्या वर्षी माझ्या फॉर्ममध्ये हेच झालं होतं.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्ही ऐकलं असेल. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर त्या गावानं ग्रामसभेत बसून कामं ठरवायला सुरुवात केली. तिथं दरवर्षी पडलेला पाऊस मोजतात आणि पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांना आणि जनावरांना लागणारं पाणी बाजूला काढतात, मग उरलेल्या पाण्यात कोणती पिकं घ्यायची ते ठरवतात. जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना तिथं आळा घातलेला आहे. आपण त्यातून एवढं घेऊ: ताळेबंद मांडायचा तर आधी माणसं पूर्ण मोजायला पाहिजेत, बाहेर गेलेलीसुद्धा.

मोजलं तर ऐकलं जातं

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनची कुजबुज आपल्या जिल्ह्यात किती वर्षं चालू होती, ते मोठ्या ताईंना माहीत आहे. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जिल्ह्यातल्या पाहणीचा आकडा आला: 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं. सहा बायांमागं एक! आकडा आल्यावर मात्र विधिमंडळापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्यांना बोलावं लागलं.

गावातही तसंच असतं. "आमच्याकडं कुणी लक्ष देत नाही" या वाक्याला ग्रामसभेत उत्तर मिळत नाही. "आमच्या वस्तीवरून 23 कोयते जातात, मागं 31 लेकरं राहतात" असं म्हटलं की ते इतिवृत्तात लिहावं लागतं.

पैसा किती आणि कशासाठी?

मागणी करण्याआधी पैशाची थोडी ओळख पाहिजे. ग्रामपंचायतीला केंद्राकडून वित्त आयोगाचा निधी येतो. 15 व्या वित्त आयोगात 2021-22 ते 2025-26 या वर्षांसाठी त्याची वाटणी अशी होती: 60 टक्के बंधित, 40 टक्के अबंधित. बंधित म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा. त्यातला अर्धा स्वच्छतेसाठी, अर्धा पिण्याचं पाणी आणि पावसाचं पाणी साठवण्यासाठी. अबंधित पैसा गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, फक्त पगारावर खर्च करता येत नाही.

समजा, एखाद्या ग्रामपंचायतीला वर्षाला 10 लाख रुपये आले. 3 लाख स्वच्छतेचे, 3 लाख पाण्याचे, 4 लाख गावाच्या गरजेचे. आता बघा, पाण्याच्या पैशातून सभामंडप मागितला तर तो मिळणार नाही. पण पाण्यासाठी पैसाच नाही असं कुणी म्हणालं तर आपण विचारू शकतो, "बंधितचे तीन लाख कुठं लागले?" आयोग बदलला की टक्के बदलतात. म्हणून दरवर्षी ग्रामपंचायतीत जाऊन चालू वर्षाचे आकडे लिहून आणायचे. हे काम ग्रामसंघाच्या सचिव ताईंचं.

याशिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी वगैरेतून, 10 टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणासाठी, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवायची असते. रक्कम लहान असली तरी विचारायची. विचारणारं आहे हे कळलं की ती बरोबर जागी खर्च होते.

गटानं तयारी कशी करायची?

आता कामाचा भाग. हे चार टप्प्यांत करा.

पहिला टप्पा, जुलै-ऑगस्ट. गटाच्या बैठकीत एक साधी यादी करा. यंदा तोडीला कोण कोण जाणार? लेकरं सोबत जाणार की मागं राहणार? मागं राहणारी म्हातारी माणसं किती? गटात नसलेल्या बायांनाही यात धरा. खरं सांगायचं तर बैठकीला येता येत नाही आणि हप्ता चुकतो, म्हणून तोडीला जाणाऱ्या बायांना आपण गटात घ्यायलाच कचरतो. त्यामुळं त्यांचं म्हणणं दोनदा राहतं. एकदा गटात, एकदा ग्रामसभेत.

दुसरा टप्पा, 15 ऑगस्टच्या आधी. सगळी माणसं गावात असतानाची ही शेवटची मोठी ग्रामसभा. आराखड्याची मोहीम सुरू व्हायला वेळ असतो, पण मागणी लेखी द्यायला कुणाची हरकत नसते. तोडीला जाणाऱ्या प्रत्येक घरी एक-एक जणीनं जाऊन तीन प्रश्न विचारा. जाताना कशाची अडचण होते? मागं राहणाऱ्यांना काय लागतं? परत आल्यावर पहिल्या महिन्यात काय लागतं? तिसरा प्रश्न विसरू नका. उन्हाळ्याचं पाणी त्याच्यातूनच निघतं.

तिसरा टप्पा, निघायच्या आधी. वस्तीवरच्या बायांनी आपली एक बोलणारी ठरवायची, जी गावातच राहणार आहे. सासू असेल, शेजारीण असेल, आशाताई असेल. यादी तिच्या हातात द्यायची आणि फोन नंबर घेऊन ठेवायचा. व्हीपीआरपीचा फॉर्म भरताना फोन लावून एकदा विचारायचं, "हेच लिहू ना?"

चौथा टप्पा, 1 मे. टोळ्या परतल्यावरची ही पहिली ग्रामसभा. मंजूर आराखडा त्या दिवशी वाचून दाखवायची मागणी करा. जी मागणी दिली होती ती त्यात आहे का, हे परत आलेल्या बायांना स्वतःच्या कानानं ऐकू द्या.

मागणी लिहायची कशी?

एकच मागणी दोन प्रकारे लिहिली आहे, बघा.

एक: "वस्तीवर पाण्याची सोय करावी."

दोन: "वस्तीवर 40 घरं आहेत. नोव्हेंबर ते मार्च 18 घरं बंद असतात, एप्रिलपासून सगळी उघडतात. वस्तीवरचा हातपंप मार्चमध्ये आटतो. एप्रिल ते जून बाया एक किलोमीटरवरून पाणी आणतात. गावच्या टाकीपासून वस्तीपर्यंत पाइपलाइन आणि एक साठवण टाकी करावी. बंधित निधीतल्या पाण्याच्या भागातून हे काम घ्यावं."

पहिल्या मागणीवर "बघू" म्हणता येतं. दुसरीवर हो नाहीतर नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हटलं तर कारण द्यावं लागतं. आकडे वरती उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमचे मोजून घाला. कुठं, किती जणांसाठी, कोणत्या महिन्यात, काय काम आणि कोणत्या पैशातून, या पाच गोष्टी आल्या की मागणी पूर्ण झाली.

तोडीला जाणाऱ्या घरांसाठी आराखड्यात आणि ग्रामसभेच्या ठरावात मांडता येतील अशा काही गोष्टी:

- शाळेत हंगामी वसतिगृह. लेकरं फडावर न जाता गावात राहून शिकतात. शाळा व्यवस्थापन समितीशी बोलून मागणी वेळेत गेली पाहिजे. टोळी निघाल्यावर जाऊन उपयोग नाही.
- ऊसतोड कामगारांची नोंद आणि ओळखपत्र. हे काम ग्रामसेवकांकडं आहे. (त्यांच्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.)
- जायच्या आधी आणि आल्यावर बायांची आरोग्य तपासणी, गावातच.
- एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांची यादी आशाताईंकडं.
- रेशन तोडीच्या ठिकाणी मिळतं, "एक देश, एक रेशनकार्ड" आहे. पण कार्डावर सगळ्यांची नावं आणि आधार जोडलेलं पाहिजे. त्याचं शिबिर सप्टेंबरमध्येच घ्यायला सांगा.

महिला सभा म्हणजे सह्यांचा कागद नव्हे

कायद्यानं प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते. तिथं झालेली चर्चा पुढं ग्रामसभेत यायला पाहिजे. काही ठिकाणी मी काय पाहिलं? रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या होतात आणि सभा झाली. ताई, सही करण्याआधी वाचा. वाचता येत नसेल तर लेकीला वाचायला सांगा. कागद कोरा असेल तर सही करू नका, एवढंच म्हणा, "सभा कधी आहे? मी येते."

ग्रामसभेचं सभासदत्व मागून मिळत नाही. गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक बाई ग्रामसभेची सभासद आहे. सहा महिने बाहेर राहिली म्हणून ते जात नाही. त्या ताईचं बरोबर होतं.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते: मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. एवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते. आता हिशेब करा. एका गावात दहा गट, गटात दहा-दहा जणी. सगळ्या आल्या तर गणपूर्ती आपल्याच जिवावर होते. आपण घरी बसलो तर सभाच होत नाही आणि मग पुढच्या सभेत मोजकी माणसं काय ठरवतात ते आपल्याला नंतर कळतं.

सभेत जाताना तीन गोष्टी करा. पाच-सहा जणी एकत्र बसा. मागणी लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आणि शेवटी विचारा, "आमची मागणी इतिवृत्तात लिहिली का? वाचून दाखवा." एवढं बोलताना आवाज कापला तरी चालतो. माझाही कापतो अजून.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

"मागणी देऊन काम झालं नाही तर?" सगळी कामं एका वर्षात होत नाहीत, पैसा मर्यादित असतो. पण आराखड्यात नाव आलं नाही तर पुढं काहीच होत नाही. मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर बघता येतो. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडायचं. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला हे दहा मिनिटांचं काम द्या. काम राहिलं असेल तर पुढच्या वर्षी तीच मागणी जुन्या पोचेसह परत द्या.

"आम्ही जाणाऱ्यांचं मांडलं तर आमच्या गल्लीचं काम मागं पडेल ना?" हा प्रश्न खरा आहे आणि तो दाबून ठेवू नका. गावात राहणाऱ्यांच्याही गरजा आहेत. पण जाणाऱ्यांचं नावच नसताना जी यादी ठरते तिला सगळ्या गावाची म्हणता येत नाही. दोन्ही मागण्या ग्रामसंघात समोरासमोर ठेवा, माणसं आणि महिने मोजा आणि क्रम लावा. भांडण झालं तरी ते आपल्या चटईवर झालेलं बरं.

पुढच्या बैठकीचं काम

या अंकातलं हे पान बैठकीत मोठ्यानं वाचा. मग वहीत तीन रकाने आखा: "कोण जाणार", "मागं कोण", "परत आल्यावर काय लागतं". प्रत्येक सभासदाला आपल्या वस्तीवरची दोन घरं वाटून द्या, गटात नसलेलीसुद्धा. यादी झाली की ग्रामसंघाच्या बैठकीत आणा. मी येणार आहे. यंदा माझ्या फॉर्मवर एकाही घरापुढं "घर बंद" असं लिहायचं नाही, असं मी ठरवलंय, आणि ते तुमच्याशिवाय होणार नाही.

त्या ताईचं घर मी माझ्या वहीत पहिलं लिहिलं आहे. गाडी यायच्या आधी तिच्याकडं जाऊन यायचं आहे. तुमच्या वस्तीवरचं पहिलं घर कोणतं, ते बैठकीत सांगा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक